‘पिक्चरवाल्यांनी वाट लावली’ म्हणण्याआधी काय बघायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी उत्तर कशाला देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही तिघं मित्र नाशिकला इंजिनिअरिंग करताय आणि कॉलेज रोडला चहाला बसलात की वाद ठरलेला. एकाचं म्हणणं, सुपरहिरोंचे पिक्चर मूळ कॉमिकची वाट लावतात. दुसरा म्हणतो, ॲनिमेशनवाले कॉमिक जसंच्या तसं उचलतात, म्हणून खरं रूपांतर तेच. तिसऱ्याचं मत, कॉमिकवाल्यांनी तरी कुठे स्वतःचं लिहिलंय, सगळं इकडून तिकडून ढापलेलं. तुम्हाला मात्र पंचवटीतल्या एका नायकाचं कॉमिक काढायचंय, आणि प्रत्येक पानावर ‘हे तर अमक्याचं आहे’ असं वाटून हात थांबतोय. पाचवीतल्या धाकट्या भावाला यातलं काय दाखवावं, हेही विचारलंयत.

मी स्टोरीबोर्ड काढते, म्हणजे पिक्चर बनण्याआधी त्याचे प्रसंग कागदावर चित्रांत मांडते. आधी मुंबईत जाहिराती आणि ॲनिमेशन मालिकांसाठी काढायचे, आता नाशिकला घरून काढते आणि सोबत शिकवतेही. कागदावरची गोष्ट पडद्यावर कशी हलेल, किती वेळ थांबेल, कुठे कापली जाईल, हे ठरवणं माझं रोजचं काम. त्यामुळे तुमच्या वादाकडे मी त्या बाजूने बघते.

तुम्ही तिघांनी एक गोष्ट न बोलताच मान्य केली आहे. कुठेतरी एक ‘मूळ’ आहे, ते पक्कं आहे, आणि बाकीच्यांनी ते किती जुळवलं यावर मार्क द्यायचे. ‘किती जुळतं’ हे तपासायला सोपं असतं, पान समोर धरलं आणि पिक्चर थांबवला की झालं, म्हणून सगळे तेच तपासतात. आमच्याकडे एखादं कॉमिक किंवा चित्रकथा बोर्ड करायला आली की पहिला प्रश्न दुसराच असतो. या पानावर वाचकाला जे वाटलं ते नेमकं कशामुळे वाटलं? चौकटींच्या मांडणीमुळे, पान उलटण्यामुळे, दोन चित्रांच्या मधल्या मोकळ्या जागेमुळे, की मनातल्या बोलण्यामुळे? ते कळलं की मग दुसरा प्रश्न: तेच पडद्यावर वाटावं म्हणून आपल्या हातात काय आहे?

उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलतं, हे आधीच सांगते. तुम्ही ते पात्र आधी कॉमिकमध्ये भेटलात की थिएटरमध्ये, यावरही तुमचा निकाल बराचसा ठरतो. मालिकेचा वीस मिनिटांचा भाग आणि अडीच तासांचा पिक्चर यांना एकच माप लागत नाही. चाहते दिग्दर्शकाच्या माथी मारतात त्यातलं पुष्कळसं लांबी, वयोगट आणि कुठला नट मिळाला, यावर त्याच्या आधीच ठरलेलं असतं. तरीही निर्णय तपासता येतात. काही उदाहरणांतून दाखवते.

फ्रँक मिलरने बॅटमनच्या दोन मोठ्या गोष्टी पाठोपाठ लिहिल्या. १९८६ची ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ त्याने स्वतः काढली, १९८७ची ‘बॅटमन: इयर वन’ डेव्हिड मॅझुकेलीने. दोन्हींचे ॲनिमेशनपट झाले. ‘इयर वन’चा २०११मध्ये आला, ‘डार्क नाइट रिटर्न्स’चा दोन भागांत, २०१२ आणि २०१३मध्ये. दोन्ही कॉमिकमध्ये पात्रांच्या मनातलं बोलणं चौकटीच्या कडेला सतत चालू असतं. ‘इयर वन’च्या ॲनिमेशनने ते बोलणं ठेवलं आणि ‘डार्क नाइट रिटर्न्स’च्या ॲनिमेशनने बॅटमनचं स्वगत काढून टाकलं. लेखक एक, माध्यम एक, आणि निर्णय अगदी उलटे. तुमच्या दुसऱ्या मित्राला हे दाखवा. ‘जसंच्या तसं’ असं काही ॲनिमेशनमध्ये होत नाही.

हे असं का केलं असावं? कॉमिक वाचताना चित्र आणि मजकूर तुम्ही तुमच्या चालीने घेता. मजकूर लांब असला तरी चित्र तुमची वाट बघत थांबतं. पडद्यावर मात्र वाक्य जितके सेकंद बोललं जाईल तितके सेकंद चित्राला काहीतरी करत राहावं लागतं. मारामारीच्या मध्ये कुणी विचार बोलून दाखवू लागला की प्रत्येक ठोसा ढिला पडतो. ‘डार्क नाइट रिटर्न्स’मधलं स्वगत तुटक आहे आणि बरंचसं मारामारीच्या ऐन मध्यात आहे. ते काढून त्यांनी म्हाताऱ्या बॅटमनचं सगळं वजन त्याच्या हालचालीवर टाकलं. उठायला लागणारा वेळ, ठोसा बसल्यानंतरचा थांबा, पुढच्या पावलाआधीचा श्वास. चिखलातल्या मारामारीत हे फार चांगलं जमलंय. पण जिथे तो माणूस एकटा बसून स्वतःशीच हुज्जत घालतो, तिथे त्या बोलण्याची जागा कशानेच भरली गेली नाही, आणि ती मोकळी जागा मला दर वेळी जाणवते.

‘इयर वन’चं गणित वेगळं आहे. तिथे ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआधीचा बॅटमन, आणि पोलीस अधिकारी गॉर्डन हे दोघे एकाच सुमारास गॉथम शहरात येतात आणि दोघांच्या मनातल्या नोंदी आलटून पालटून पुढे जातात. अक्षरकार टॉड क्लाइनने दोघांना वेगवेगळं हस्ताक्षर दिलंय, त्यामुळे नाव न लिहिताही कुणाचं मन चालू आहे ते कळतं. गोष्टीचा सांगाडाच त्या दोन नोंदींचा आहे. त्या काढल्या असत्या तर घटनांची यादी उरली असती. म्हणून पडद्यावर दोन हस्ताक्षरांच्या जागी दोन आवाज आले. माझ्या मते हा निर्णय बरोबर आहे, आणि ‘डार्क नाइट रिटर्न्स’चा निम्मा बरोबर.

लांबीचं उदाहरण ‘द किलिंग जोक’चं. ॲलन मूरने लिहिलेलं, ब्रायन बोलंडने काढलेलं, १९८८चं हे बॅटमनचं कॉमिक पन्नास पानांच्याही आत संपतं. २०१६चा ॲनिमेशनपट सव्वा तासाचा आहे. पानं पुरणार नव्हती, म्हणून सुरुवातीला बॅटगर्लची एक नवी कथा जोडली. चाहते त्या कथेतल्या बॅटमन-बॅटगर्लच्या संबंधांवर चिडले आणि ते मला पटतं, पण बोर्ड काढणारी म्हणून माझं दुखणं आणखी एक आहे. कॉमिकमध्ये एका प्रसंगाची शेवटची चौकट आणि पुढच्या प्रसंगाची पहिली चौकट एकमेकींत बसवलेल्या आहेत. तोच हात, तीच मान, तीच उभं राहण्याची पद्धत, फक्त काळ बदललेला. आणि डबक्यात पडणाऱ्या पावसाच्या वर्तुळांनी ते उघडतं आणि तसंच मिटतं. त्याच्या आधी अर्धा तास जोडल्यावर पाऊस सुरुवातीला उरतच नाही. मूळ चित्रं कितीही नेमकी उतरवली तरी ती बांधणी सुटली.

‘वॉचमेन’ हे याहून अवघड प्रकरण. मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं १९८६-८७चं कॉमिक, बहुतेक पानं नऊ चौकटींच्या जाळीवर उभी. त्याचा पाचवा अंक आरशासारखा आहे: पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, असं करत मध्यभागी येतं. वाचक मागे जाऊन पानं ताडून बघू शकतो म्हणूनच ते शक्य झालं. थिएटरात बसलेला माणूस मागे जाऊ शकत नाही. २००९च्या पिक्चरने कितीतरी चौकटी हुबेहूब उभ्या केल्या, शेवट मात्र बदलला, आणि लोक शेवटावरूनच भांडत बसले. मला शेवट बदलल्याचं फार वाटत नाही. हुबेहूब चौकटींमध्ये कॉमिकची चाल आली नाही, याचं वाटतं.

आता जमलेलं उदाहरण. ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’, २०१८, त्या वर्षीच्या उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. त्यातला नवा, पोरवयातला स्पायडर-मॅन माइल्स मोरालेस कॉमिकमध्ये २०११ साली आला, ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी घडवलेला. पिक्चरने कुठलंही एक कॉमिक पानोपान उचललं नाही. त्यांनी छपाईचे ठिपके घेतले, विचारांच्या चौकटी घेतल्या, पळताना येणारा धूसरपणा टाळला. आणि एक गोष्ट अशी केली जी फक्त ॲनिमेशनच करू शकतं. पिक्चरमध्ये सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, असतात. प्रत्येक फ्रेमला नवी पोझ दिली की हालचाल गुळगुळीत दिसते, एक पोझ दोन फ्रेम धरून ठेवली की सेकंदाला बाराच पोझ मिळतात आणि हालचाल किंचित अडखळते. जंगलातल्या प्रसंगात एकाच शॉटमध्ये अनुभवी स्पायडर-मॅन पीटर गुळगुळीत झोके घेतो आणि शिकाऊ माइल्स दोन-दोन फ्रेमवर अडखळतो. पोराला अजून जमत नाही हे संवादात कुठेही सांगावं लागत नाही. विद्यार्थ्यांना मी हा तुकडा एकेक फ्रेम पुढे सरकवून दाखवते आणि तो त्यांना लगेच कळतो.

एकाच गोष्टीची तीन रूपं ताडून बघायची असतील तर एक्स-मेन या सुपरहिरोंच्या चमूची ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ घ्या. कॉमिक १९८१चं, ‘अनकॅनी एक्स-मेन’चे १४१ आणि १४२ हे दोन अंक, क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न. उद्ध्वस्त भविष्यकाळातून एकाला मागे पाठवून एक हत्या टाळायची, ही कल्पना. कॉमिकमध्ये मागे जाते किटी प्राइड. मोठ्या किटीचं मन तेरा वर्षांच्या किटीच्या शरीरात येतं. १९९२ला सुरू झालेल्या ॲनिमेशन मालिकेत जातो बिशप. २०१४च्या पिक्चरमध्ये जातो वुल्व्हरिन.

इथे ‘बदललं’ म्हणून ओरडण्याआधी कारणं बघा. मालिकेच्या चमूत किटी नव्हतीच, लहान मुलीची जागा तिथे ज्युबिलीकडे होती. पिक्चरला १९७३ साल हवं होतं आणि तेव्हा किटीचा जन्मही झालेला नसणार. वुल्व्हरिनचं वय दिसत नाही, आणि ते काम करणारा ह्यू जॅकमन त्या पिक्चरमालिकेचा चेहरा होता. कारणं अशी साधी, व्यवहाराची असतात. पण माणूस बदलला की गोष्टीचा प्रश्न बदलतो, आणि खरी मजा तिथे आहे. कॉमिकमध्ये एक पोर मोठ्यांना अशी दहशत पटवून देतेय जी कुठल्याच पोराला माहीत असू नये. मालिकेत बिशपला वाटतं की चमूतलाच गँबिट फितूर आहे, म्हणून तिथे गोष्ट संशयाची होते. पिक्चरमध्ये आयुष्यभर नखांनी निकाल लावलेल्या माणसाला दुरावलेल्या दोन मित्रांची समजूत काढावी लागते, ज्यासाठी त्याच्याकडे धीरच नाही. पिक्चरने किटीचं पोरवय गमावलं आणि त्याच्या बदल्यात वुल्व्हरिनला कधी न केलेलं काम दिलं. मला तो सौदा मान्य आहे. तुमच्या पहिल्या मित्राला नसेल तर त्याने असं सांगावं की वुल्व्हरिन आल्यामुळे अमुक गेलं आणि त्या जागी काही आलं नाही. एवढं सांगितलं की वाद करण्यासारखा होतो.

आतापर्यंतचं दोन ओळींत: मूळ पानाने परिणाम कशातून साधला ते आधी शोधा, मग नव्या माध्यमाने त्या जागी स्वतःचं काय ठेवलं ते बघा. चौकट जुळते की नाही हे त्यानंतर.

आता तिसऱ्या मित्राकडे वळते. त्याची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष नाही. बॅटमन ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या मे १९३९च्या, २७व्या अंकात आला. त्याची पहिलीच कथा बिल फिंगरने ‘द शॅडो’ या रहस्यनायकाच्या १९३६मधल्या एका कथेवरून रचली होती. श्रीमंत आळशी माणसाचा मुखवटा आणि रात्रीचा दुसरा चेहरा झोरो या मुखवटेधारी नायकाकडून आला. बॅटमनचा शत्रू जोकर याचं ते ताणलेलं हसू ‘द मॅन हू लाफ्स’ या १९२८च्या मूकपटातल्या कॉनराड फाइटच्या चेहऱ्यावरून, आणि तो मूकपट व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९च्या कादंबरीवरून. एवढं सगळं घेतलेलं. तरी झोरोला जोकर लागत नाही, आणि शॅडोला आईबापांचा खून बघितलेला मुलगा लागत नाही. घेतलेल्या तुकड्यांतून जे नवं कारण उभं राहिलं ते बॅटमनचं आहे.

ढापणं कशाला म्हणायचं, तेही याच गोष्टीत आहे. बिल फिंगरने पोशाखाचं रूप, पूर्वकथा, गॉथमचं नाव, कितीतरी पात्रं दिली, आणि अनेक दशकं ‘निर्माता’ म्हणून छापलं जात होतं एकट्या बॉब केनचं नाव. फिंगर १९७४ साली वारला. त्याचं नाव अधिकृतपणे सोबत यायला २०१५ उजाडलं. मला झोरोच्या कर्जाचं काही वाटत नाही. माणसाचं नाव गाळल्याचा मात्र अजूनही राग येतो, आणि आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओत बोर्ड काढणाऱ्यांचं नाव श्रेयनामावलीत येत नाही तेव्हाही तितकाच येतो.

याच्या उलट मिलरचं बघा. काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांच्या ‘लोन वुल्फ अँड कब’ या मांगाचा, म्हणजे जपानी कॉमिकचा, त्याच्यावर केवढा पगडा आहे ते त्याच्या १९८३च्या ‘रोनिन’ कॉमिकमध्ये उघड दिसतं. त्या मांगाची इंग्रजी आवृत्ती १९८७मध्ये निघाली तेव्हा मुखपृष्ठं मिलरनेच काढली. ज्याच्याकडून घेतलं त्याला नव्या वाचकांपुढे आणून उभं केलं. जॉन बर्ननेही पुढे सांगितलं की ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ची कल्पना ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या १९७२च्या एका कथेतून नकळत आली होती. नकळत येणं टळत नाही. लक्षात आल्यावर सांगणं आपल्या हातात असतं.

आणि हा प्रवाह एका दिशेने वाहत नाही. ‘द लाँग हॅलोविन’ हे बॅटमनचं कॉमिक घ्या, १९९६-९७, जेफ लोब आणि टिम सेल. ते ‘इयर वन’मधला माफिया म्होरक्या फाल्कोनी पुढे नेतं. सुरुवातच लग्नाच्या समारंभाने, आणि पहिलं वाक्य थेट १९७२च्या ‘द गॉडफादर’च्या पहिल्या वाक्याची आठवण करून देणारं. म्हणजे सिनेमा कॉमिकमध्ये गेला. गच्चीवर बॅटमन, गॉर्डन आणि सरकारी वकील हार्वी डेंट एकत्र येतात ती कल्पना २००८च्या ‘द डार्क नाइट’ या पिक्चरमध्ये आली, आणि त्या पिक्चरने शहराचं रूप मायकल मानच्या ‘हीट’ या पिक्चरकडूनही घेतलं. कॉमिक परत सिनेमात गेलं. मग २०२१मध्ये ‘लाँग हॅलोविन’चा दोन भागांचा ॲनिमेशनपट आला. या साखळीत ‘मूळ’ म्हणून बोट कशावर ठेवणार?

ॲनिमेशन आणि रेडिओनेही कॉमिकला भरपूर परत दिलंय. १९३८च्या पहिल्या अंकात सुपरमॅन उडत नव्हता, लांब उड्या मारत होता. त्याचं उडणं रेडिओ मालिका आणि १९४१पासूनची फ्लाइशर बंधूंची कार्टूनं यांतून रुळलं. उडी म्हटली की तयारी, झेप, उतरणं हे दर वेळी काढावं लागतं आणि शॉट त्यातच संपतो, त्यामुळे ॲनिमेशन करणाऱ्यांना उडणं का सोयीचं वाटलं असेल ते मला चांगलं समजतं. सुपरमॅनला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट १९४३मध्ये रेडिओवर आलं, कॉमिकमध्ये १९४९ला पोचलं. जोकरची साथीदार हार्ली क्विन १९९२च्या बॅटमन ॲनिमेशन मालिकेत जन्मली, पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांची, मग कॉमिकमध्ये गेली. मिस्टर फ्रीझ तर १९५९ साली ‘मिस्टर झीरो’ नावाचा एक किरकोळ खलनायक होता. आजारी बायकोला बर्फात जपणारा शोकाकुल शास्त्रज्ञ त्याला त्याच मालिकेतल्या ‘हार्ट ऑफ आइस’ या भागाने केलं, आणि पुढे कॉमिकने तीच पूर्वकथा स्वीकारली. कॉमिकचे चाहते आज ज्या गोष्टी ‘मूळ’ म्हणून राखतात त्यातल्या काही अशा बाहेरून आलेल्या आहेत.

आपण नाशिककरांनी तर यावर इतकं अडखळू नये. त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलेले. मुंबईत ख्रिस्तावरचा मूकपट पाहून आपले देव असे पडद्यावर यावेत असं त्यांच्या मनात आलं. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ झाल्यावर त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंख्यांनी केले. काडेपेटीतल्या काड्या हलवून फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ही केली, आपल्याकडच्या सुरुवातीच्या ॲनिमेशनपैकी ती एक. परदेशी तंत्र, रविवर्म्याची देवरूपं आणि घरात ऐकलेली पुराणं, हे सगळं एकाच माणसात होतं. पुढे अमर चित्र कथेत पुराणातले नायक काढणाऱ्या प्रताप मुळीकांनीच १९८६मध्ये राज कॉमिक्सचा पहिला नागराज काढला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात तुम्ही शाळेच्या सहलीला गेला असालच. आता हे डोक्यात ठेवून पुन्हा जाऊन या.

मग तुमचं कॉमिक. आधी एक इशारा देणारं उदाहरण. २००४मध्ये ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ निघालं. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, काका बेनचे काका भीम. बहुतेक खुंट्यांवर तीच वस्तू, फक्त कपडा बदललेला. मुंबई त्या गोष्टीत पार्श्वभूमीपुरती राहिली. २०२३च्या ‘ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये तोच पवित्र आला तेव्हा त्याला स्वतःचा स्वभाव मिळाला, सगळं सोपं वाटणारा, केसांवर खूश असलेला, आणि शहरालाही स्वतःची रचना मिळाली. लोकांना तो आवडला तो दुसऱ्या वेळी.

म्हणून पोशाखापासून सुरुवात करू नका, जागेपासून करा. गॉथमच्या उंच इमारतींमुळे बॅटमन वरून खाली झेपावतो. न्यूयॉर्कच्या उंचीशिवाय स्पायडर-मॅनचे झोके नाहीत. पंचवटीत आणि जुन्या नाशकात उंची नाही. तिथे घाट आहेत, पायऱ्या आहेत, एकमेकींना टेकलेल्या वाड्यांच्या गच्च्या आहेत, दोन माणसं जेमतेम जातील असे बोळ आहेत. तुमचा नायक हलणार कसा, हे त्यावरून ठरवा. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात तो काळाराम मंदिराच्या शिखरावर वाकून बसलेला आहे. ती पोझ गॉथमची आहे, म्हणूनच तुमचा हात थांबला. तो रामकुंडावरच्या गर्दीत मिसळलेला का नसावा? कुंभमेळ्यात इतक्या तऱ्हेची माणसं असतात की वेगळ्या वेषातल्याकडे कुणी वळून बघत नाही. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठपर्यंत आलं यावरून सगळं गाव पूर मोजतं. तुमच्या कथेतल्या संकटाला एवढं नेमकं, प्रत्येक नाशिककराच्या डोळ्यासमोर असलेलं माप आयतं मिळालंय. पाच पानांवर पाच चौकटी, फक्त मारुती आणि चढतं पाणी, एकही संवाद नाही. हे तुम्ही कुणाकडून घेतलेलं नसेल.

प्रभावांबद्दल मी विद्यार्थ्यांना एकच सवय लावते. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचं: ही चौकट कुणाची, ही प्रकाशयोजना कुणाची, हा संवादाचा ठेका कुणाचा. एकाच नावासमोर फार नोंदी झाल्या की थांबायचं आणि दुसऱ्या कुठल्या तरी क्षेत्रातून एक गोष्ट आणायची, जुनी नाटकाची मांडणी, आजीची कहाणी, बातमीतला फोटो, काहीही. अंक छापाल तेव्हा ती नावं शेवटी द्या. नायक तुमचा स्वतःचा आहे तोवर विकायलाही हरकत नाही. बॅटमन किंवा स्पायडर-मॅन त्यात आणलात तर ती पात्रं कंपन्यांच्या मालकीची आहेत, मग विक्री करू नका.

तिघांसाठी एक व्यायाम, पुढच्या वेळी चहावर भांडण्याऐवजी करून बघा. ‘इयर वन’ची सलग चार पानं निवडा. प्रत्येकाने ती वेगवेगळी बोर्ड करा, चित्रं काड्यांच्या माणसांची असली तरी चालतील. मोबाइलवर फोटो काढून एकामागोमाग लावा, प्रत्येक फोटो किती सेकंद ठेवायचा ते ठरवा, मनातलं बोलणं स्वतःच्या आवाजात भरा. याला आम्ही ॲनिमॅटिक म्हणतो. नंतर २०११च्या पिक्चरमधला तोच भाग लावा. कुठली चौकट तुम्ही टाकली आणि त्यांनी ठेवली, कुठे तुमचं वाक्य चित्रापेक्षा लांब झालं, तिथे थांबून बोला. पहिल्या मित्राला पिक्चरवाल्यांची अडचण कळेल आणि दुसऱ्याला ‘जसंच्या तसं’ किती अवघड आहे ते.

राहिला धाकटा भाऊ. त्याला १९९२ची बॅटमन मालिका दाखवा आणि ‘हार्ट ऑफ आइस’ सोबत बसून बघा, कारण तो भाग बघून त्याला प्रश्न पडतील. स्पायडर-व्हर्सचे दोन्ही पिक्चर त्याला चालतील. दुसरा आपल्याकडे मराठी डबिंगमध्येही आला होता, मिळाला तर तोच लावा. ‘द किलिंग जोक’ला अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय नाही, ‘डार्क नाइट रिटर्न्स’मध्येही रक्त भरपूर आहे, आणि ‘इयर वन’मध्ये वेश्यावस्तीतले प्रसंग आहेत. घरातल्या मोठ्यांना हे सगळं कार्टूनच वाटणार आणि ते त्याला सोबत बसू देणार, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि तुमचा चार पानांचा व्यायाम तो शाळेत असताना करा.